अनवट राग एकदाच गाऊन काय साधणार?

दिवाळी उलटली की बेळगाव-धारवाडपासून निपाणी-मिरजेपर्यंतच्या या पट्ट्यात गाण्याचे कार्यक्रम सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही. गवयाने काय गावे? एक बाजू म्हणते, लोक दिवसभराची कामे आटोपून येतात, त्यांना यमन द्या, बिहाग द्या, मालकंस द्या, शेवटी दोन नाट्यपदे आणि एक अभंग द्या. उगाच परीक्षा घेऊ नका. दुसरी बाजू म्हणते, तेच दहा-बारा राग ऐकून कान विटले. मल्लिकार्जुन मन्सूर ज्या मुलखात गायले तिथल्या श्रोत्याला अजून किती दिवस यमनच ऐकवणार? दोन्हीकडची माणसे तळमळीने बोलतात, पण दोघेही हिशेब एकाच संध्याकाळचा मांडतात. त्यामुळे वाद दरवर्षी तिथेच येऊन थांबतो. माझे म्हणणे असे आहे: प्रत्येक मैफलीत एक तरी अपरिचित, म्हणजे अनवट, राग असायलाच हवा, तो कार्यक्रमात नेमक्या जागी असायला हवा, आणि तोच राग पुढच्या वर्षा-दोन वर्षांत त्याच श्रोत्यांपुढे पुन्हा यायला हवा. यातली शेवटची अट सोडली, तर पहिल्या दोन पाळूनही हाती फारसे काही लागत नाही.

परिचित रागांच्या बाजूने जो सर्वांत बळकट मुद्दा आहे तो आधी घेतो, कारण तो सहसा धड मांडलाच जात नाही. ‘लोकांना आवडते’ हा तो मुद्दा नव्हे. आपले संगीत जागेवर घडते. गवई आत्ता काय करतो आहे हे कळायचे, तर रागाचा रस्ता ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असावा लागतो. यमन गाताना गवई वर चढत तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, तोंडाशी येतो आणि षड्ज न लावता निषादावरच, ‘नि’वरच, रेंगाळतो. ज्याने यमन पुष्कळ ऐकला आहे त्याचा जीव तिथे टांगणीला लागतो. नवख्याला त्यात काहीच घडलेले दिसत नाही. कुठली जागा ठरलेली, कुठली आत्ता सुचलेली, कुठे गवयाने धोका पत्करला, हे सगळे ओळखीच्या रागातच कळते. म्हणजे नावीन्य सर्वांत जास्त जाणवते ते जुन्या रागात. हे खरे आहे आणि अनवट रागांच्या कैवाऱ्यांनी ते मोकळेपणाने मान्य करायला हवे.

त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य करावी. गदगचे भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकले आणि त्यांनी आयुष्यभर मोजकेच राग पुन्हा पुन्हा गायले: शुद्ध कल्याण, पूरिया, मुलतानी, तोडी, ललत, दरबारी, मालकंस, मियाँमल्हार. यादी थोडी लांबवता येईल, पण फार नाही. ‘त्यांचे राग मोजके’ ही तक्रार त्यांच्या हयातीतही होत असे. त्याने त्यांचे गाणे लहान झाले का? त्यांच्या किराणा घराण्याची सारी रीतच एकेका स्वराला वेळ देण्याची आहे. ज्याला पूरियातला निषाद पाऊण तास उलगडायचा आहे त्याला नव्या नव्या रागांची भूक कशाला असेल? तेव्हा ज्याचे राग थोडे त्याचे गाणे तोकडे, हा निकष आपल्या या मातीतच टिकत नाही.

एवढे मान्य केले तरी प्रश्न उरतोच. यमनची ओळख श्रोत्याला झाली कशी? ती कोणी जन्माला येताना घेऊन आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आणली, तेव्हा कीर्तनावर आणि लावणीवर वाढलेल्या इथल्या श्रोत्याला ख्याल हाच प्रकार नवा होता. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ मध्ये जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आणले आणि पुढच्या नाटकांतही साक्या-दिंड्यांच्या जोडीला कानडी पदांच्या चाली वापरल्या. पुण्याच्या प्रेक्षकाला त्या चाली कुठे माहीत होत्या? १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी यमन-बिहागसारख्या रागांतल्या पदांना ख्यालाचा बाज दिला. रागाचे नाव न सांगता येणाऱ्या माणसाच्या ओठी बिहाग बसला, तो त्याने एकदा ऐकला म्हणून नव्हे. नाटकाचे प्रयोग होत राहिले, पदे वन्समोअर घेत राहिली, मग घरच्या पेटीवर वाजू लागली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीने झिंझोटी घरोघर नेला, तोही अशाच आवृत्तीने. तबकडी झिजेपर्यंत लोक ती लावत. १९५० मध्ये धारवाडचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि खानापूर-बैलहोंगलच्या घरांत सकाळी भैरव, तोडी, बिलावल वाजू लागले. मन्सूरांनी तिथे संगीत सल्लागार म्हणूनही काम केले. पैसे देऊन मैफलीला कधीच न गेलेल्या माणसालाही त्या काळात सकाळचे राग कानाने ओळखता येत, ते या रोजच्या ऐकण्यामुळे.

परिचय घडवलेला असतो, तसा अपरिचयही घडवलेलाच असतो. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात राहिले. त्यांच्या जयपूर घराण्यातले बसंती केदार, नट कामोद, ललितागौरी, खट, रायसा कानडा, संपूर्ण मालकंस हे राग आज ‘अनवट’ म्हणून ओळखले जातात. ते अवघड आहेत हे त्याचे अर्धेच कारण. उरलेले अर्धे कारण असे की चीज, म्हणजे बंदिश, ही घराण्याची मालमत्ता मानली जाई आणि ती चारचौघांत मोकळी करण्याची रीत नव्हती. खाँसाहेबांच्या स्वतःच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांनी आपले गाणे कुणाला उचलता येऊ नये याची किती काळजी घेतली हे जुन्या रसिकांना सांगायला नको. याउलट भातखंड्यांनी मिळतील तितक्या बंदिशी जमवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या आणि रामकृष्णबुवा वझ्यांनीही आपल्याकडच्या दुर्मिळ चिजा पुस्तकातून लोकांपुढे ठेवल्या. ज्या रागाला वाट मिळाली तो रुळला, ज्याला मिळाली नाही तो अनवट राहिला. रागाच्या अंगी जन्मजात लोकप्रियता किंवा अलोकप्रियता असते असे मानायला मला काहीच आधार दिसत नाही.

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजे ‘गुणीदास’, यांनी जोगकंस बांधला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. तो राम मराठ्यांनी गायला, सी. आर. व्यासांनी गायला, माणिक वर्मांनी गायला, अभिषेकींनी गायला. मग इतर घराण्यांनी उचलला. आज तो कॉलेजच्या स्पर्धांतही ऐकू येतो आणि तो ‘नवा’ आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. त्याच काळात कुमार गंधर्व देवासला बसून मधसुरजा, अहिमोहिनी, सहेली तोडी, संजारी, लगनगंधार असे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग घडवत होते. कुमारजी १९२४ मध्ये जन्मले ते सुळेभावीला, बेळगावच्या अगदी जवळ. बेळगावच्या रंगमंदिराला त्यांचे नाव आहे. पण त्यांचे हे राग त्यांच्या शिष्यपरंपरेबाहेर क्वचितच गायले जातात, आणि याच जिल्ह्यातल्या बहुतेक श्रोत्यांना त्यांतला एकही गुणगुणता येणार नाही. मधसुरजा जोगकंसापेक्षा उणा आहे म्हणून असे झाले का? एक राग चार वेगवेगळ्या गळ्यांतून पुन्हा पुन्हा ऐकू आला. दुसरा बव्हंशी एकाच गळ्यात राहिला. मला तरी हाच फरक दिसतो.

म्हणूनच माझे अनवट रागांच्या कैवाऱ्यांशीही भांडण आहे. ते दरवर्षी नवा अनवट राग मागतात. गेल्या वर्षी ललितागौरी झाला, यंदा रायसा कानडा व्हावा, पुढल्या वर्षी खट. वहीत नोंद होते, ‘दुर्मिळ राग ऐकला’ याचे समाधान मिळते आणि सभागृहातल्या बाकीच्यांच्या कानांत त्यांतले काहीच उरत नाही. पहिल्यांदा कानावर पडलेला वक्र चालीचा जोडराग, म्हणजे दोन राग सांधून केलेला राग, एका बैठकीत मनात बसावा ही अपेक्षाच चुकीची आहे. दरवेळी यमन मागणारा जसा श्रोत्याचा साठा वाढू देत नाही, तसाच दरवेळी नवा दुर्मिळ राग मागणाराही नाही. दोघांच्या आग्रहाचा परिणाम शेवटी एकच.

हा प्रश्न पाश्चात्त्य अभिजात संगीतालाही पडलेला आहे आणि तिथे ज्यांनी तो नीट सोडवला त्यांनी आवृत्तीचाच आधार घेतला. बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ विस्मृतीत गेले होते. विशीतल्या मेंडेल्सोहनने ते ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये सादर केले, तेही कापून-छाटून, श्रोत्यांना पेलेल एवढे करून. आणि दहा दिवसांत, २१ मार्चला, पुन्हा सादर केले. व्हिएन्नात अर्नोल्ड शोनबर्गने १९१८ मध्ये नव्या संगीतासाठी खासगी मंडळ काढले. ते तीन वर्षे चालले. तिथे भरपूर तालमी करून नव्या रचना वाजवत, आज काय वाजणार हे आधी जाहीर करत नसत, टाळ्यांना मनाई होती, आणि एकच रचना निरनिराळ्या कार्यक्रमांत पुन्हा पुन्हा वाजवली जाई. टाळ्यांची मनाई आपल्या मैफलीत चालणार नाही. दाद हा आपल्या गाण्याचा श्वास आहे, ती बंद केली तर गवई गाणार कुणासाठी? पण भरपूर तालीम आणि पुनरावृत्ती ही दोन सूत्रे आपल्याला जशीच्या तशी घेता येतात. त्यांच्याकडे स्वरलिपी ठरलेली, तरी त्यांना पुनरावृत्तीची गरज वाटली. आपल्याकडे तर दोन गवयांचा एकच राग दोन वाटांनी जातो, मग ती गरज किती पटींनी जास्त असेल!

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. काही कलाकार दुर्मिळ राग पदकांसारखे मिरवतात. रागाचे चित्र स्वतःच्या मनातच तयार नसते, दोन-तीन ठरलेल्या फिरती पाठ असतात, त्या आलटून-पालटून येतात आणि वीस मिनिटांत गाणे आटते. असे गाणे ऐकून श्रोता यमनकडे परतला तर त्याला दोष देता येणार नाही. पण यावरचा उपायही पुनरावृत्तीच आहे. जो राग लागोपाठच्या दोन-तीन वर्षांत तीन वेगळ्या गळ्यांतून आला, त्याचा कस तिथेच लागतो. ज्यात दम नाही तो तिसऱ्या वेळी उघडा पडतो आणि मग त्याला खुशाल निरोप द्यावा. सगळेच अनवट राग जगले पाहिजेत असा माझा मुळीच हट्ट नाही.

आता अपरिचित राग प्रत्यक्षात कुठे घसरतो ते पाहू, कारण आयोजकांची भीती तिथून येते. संपूर्ण मालकंस घेऊ. मालकंसात सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि हे पाच स्वर. रिषभ (रे) आणि पंचम (प) वर्ज्य. हे ज्याला शास्त्र म्हणून माहीत नाही त्यालाही कानाने माहीत असते. संपूर्ण मालकंसात रिषभ आणि पंचम दोन्ही येतात, पण मध्यमाचे राज्य तसेच राहते आणि हे दोन पाहुणे स्वर ठरावीक वळणांतूनच डोकावतात. आता श्रोत्याच्या बाजूने विचार करा. दहा मिनिटे त्याला वाटते आहे, मालकंस चालला आहे. अचानक पंचम येतो. तो चपापतो, शेजाऱ्याकडे बघतो, गवयाचा स्वर चुकला असे त्याला वाटते. पुढची दहा मिनिटे तो गाणे ऐकत नाही, चूक पुन्हा होते का याची वाट बघतो. हाच पंचम येणार आहे हे त्याला आधी ठाऊक असते, तर तो त्याचीच आतुरतेने वाट बघत बसला असता आणि पंचम आल्यावर त्याच्या तोंडून दाद गेली असती. स्वर तोच, गवई तोच. मधे फक्त दोन मिनिटांच्या ओळखीचा फरक.

ही ओळख निवेदकाने करून द्यायची नसते. बहुतेक ठिकाणी निवेदक पुस्तकातून थाट, वादी-संवादी आणि गानसमय वाचून दाखवतो. त्याने ज्याला माहीत आहे तो कंटाळतो आणि ज्याला माहीत नाही त्याच्या पदरी काही पडत नाही. गवयानेच तंबोऱ्यावर आधी मालकंसाची एक ओळ गावी, मग तीच ओळ पंचम-रिषभ घेऊन गावी, आणि लगेच ख्याल सुरू करावा. जोडरागात हे आणखी सोपे आहे. बसंती केदारात केदाराचा शुद्ध मध्यम कुठे आणि वसंताचा कोमल रिषभ कुठे, हे दोन तुकड्यांत गाऊन दाखवले की सांधा कानाला सापडतो. त्यासाठी श्रोत्याला वसंत आणि केदार ओळखीचे असावे लागतात हे उघड आहे, आणि म्हणून परिचित रागांची पायाभरणी कुणी थांबवू नये. बसंती केदाराची मजा केदार ऐकलेल्यालाच येते.

दुसरी घसरण साथीत होते. अनवट राग ऐनवेळी मंचावर जाहीर झाला की पेटीवाल्याची कसरत सुरू होते. ललितागौरीत तो कधी नुसता ललत वाजवतो, कधी गौरी. गवयाने मोठ्या मेहनतीने सांधलेला राग पेटीच्या एका चुकार सुरावटीने सुटा होतो. हा पेटीवाल्याचा दोष नाही. त्याला आठ दिवस आधी चलन (रागाची चाल) आणि मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) फोनवर गाऊन पाठवला, आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चाळीस मिनिटे एकत्र बसायला मिळाले, तर हा प्रश्न बव्हंशी मिटतो. तबल्याचेही तसेच. जयपूर घराण्याच्या कितीतरी बंदिशी मध्यविलंबित तीनतालात बांधलेल्या आहेत. त्यांचे वजन सोळा मात्रांच्या त्या चालीतच नीट बसते. तबलजीने सवयीने लय अतिविलंबित केली तर बंदिशीचे शब्द तुटतात, मुखडा ओढावा लागतो आणि रागाचा आकारच ढिला पडतो. लय किती ठेवायची हे आधी हातावर टाळी देऊन ठरवलेले बरे.

तिसरी गोष्ट तंबोऱ्याची. पहिला राग यमन असेल तर तंबोऱ्याची पहिली तार पंचमात किंवा निषादात लागलेली असते. पुढे मालकंसाच्या अंगाचा राग घ्यायचा तर ती मध्यमात हवी. मंचावर तार उतरवली की ती लगेच ठरत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा सरकते आणि गवई गाता गाता खुंटी पिळत बसतो. तोवर श्रोते आपसांत बोलायला लागलेले असतात, आणि अपरिचित रागाची सुरुवातच अशा गलक्यात होते. रंगपटात तंबोऱ्यांची दुसरी जोडी मध्यमात लावून ठेवली तर हा सारा खोळंबा टळतो. मिरजेसारखे तंतुवाद्यांचे गाव हाकेच्या अंतरावर असताना दुसरी जोडी मिळत नाही ही सबब चालण्यासारखी नाही.

कार्यक्रमातली जागा ही माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. अपरिचित राग पहिला नको. पहिल्या वीस मिनिटांत लोक येत असतात, ध्वनिक्षेपकाचा मेळ बसलेला नसतो, गळा पुरता तापलेला नसतो. मध्यंतरानंतरही नको. चहाने आणि गप्पांनी कान सैलावलेले असतात, काही मंडळी उठून गेलेली असतात, आणि वेळ कमी पडला की कात्री नेमकी त्याच रागावर चालते. त्याची जागा दुसरी. साडेसहाला सुरुवात झाली तर पन्नास मिनिटे मारवा, पूरिया धनाश्री किंवा यमन अशा ओळखीच्या रागाचा भरघोस ख्याल, मग पंचवीस ते तीस मिनिटे अपरिचित राग, आणि मग मध्यंतर. वेळ जाणीवपूर्वक आखूड ठेवावी. वक्र चालीच्या रागात आलापाला मोकळे रान नसते. तो पन्नास मिनिटे ताणला की त्याच जागा पुन्हा येतात. बिहागडा किंवा नट कामोदासारखा राग मोठा ख्याल पेलतो, तिथे कलाकाराने वेळ वाढवायला हरकत नाही. शेजारही बघावा लागतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच. ते लागोपाठ आले तर नवख्या कानाला फरक कळत नाही. पावसाळी मैफलीत मियाँमल्हार, गौडमल्हार, रामदासी मल्हार असे तीन मल्हार एकापाठी एक लावण्याचा मोह होतो, आणि तिसऱ्यापर्यंत श्रोत्याच्या कानात तिन्ही एक झालेले असतात. फर्माईशींच्या चिठ्ठ्या मध्यंतरानंतरच घ्याव्यात. त्या वेळी नाट्यपद मागणाऱ्याला नाट्यपद जरूर मिळावे, त्याचाही मैफलीवर हक्क आहे.

एका बाबतीत मात्र दोन्ही बाजू घड्याळाकडे बघायला विसरतात. आपल्याला तेच राग ऐकू येतात याचे मोठे कारण आवड नसून वेळ आहे. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहा ते रात्री दहा या चौकटीत होतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर खुल्या जागेतले ध्वनिक्षेपक बंद झाले. बंदिस्त सभागृहाला त्यातून सूट आहे, पण सभागृहाचे भाडे आणि निपाणी-खानापूरची शेवटची बस यांना ती सूट लागू नाही. त्यामुळे उत्तररात्रीचे सोहनी, परज, कौंसी कानडा गेले. सकाळचे बिलावलाचे प्रकार गेले: देवगिरी, यमनी, कुकुभ, शुक्ल, सर्पर्दा, लच्छासाख. मन्सूरांनी ज्या बिलावलांवर जीव ओवाळला ते आज त्यांच्याच धारवाडच्या शेजारी राहणाऱ्या तरुण श्रोत्याला ठाऊक नाहीत, कारण त्या वेळी मैफलच होत नाही. दुपारच्या सारंगांची तीच गत. वृंदावनी सोडला तर शुद्ध सारंग, गौडसारंग, मधमाद हे कानावर येणार कधी? यात अवघड असे काही नाही, गौडसारंग कुणालाही पहिल्या दहा मिनिटांत आवडावा असा राग आहे. हंगामातला एक कार्यक्रम रविवारी सकाळी साडेआठला आणि एक दुपारी तीनला ठेवला, तर कुठल्याही अनवट रागाला हात न लावता श्रोत्याच्या ओळखीचे राग दुप्पट होतील. सकाळी सभागृह मिळणेही सोपे जाते.

आपल्या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. परिचित, पण कुणाला? बेळगावच्या सभागृहात एका ओळीत मराठी आणि कन्नड बोलणारे शेजारी बसलेले असतात. मराठी घरात वाढलेल्याला जे नाट्यपद पाठ आहे ते अथणी-गोकाकच्या कन्नडभाषक तरुणाला पूर्ण नवे असू शकते. त्याच्या घरचे वचन किंवा दासरपद, म्हणजे कन्नड संतांची पदे, मराठी श्रोत्याला तितकीच नवी. भीमसेन जोशींनी अभंगही गायले आणि दासवाणीही गायली. मन्सूर वचने गात तेव्हा त्यातला भाव कन्नड न कळणाऱ्यापर्यंतही पोचे. ‘शेवटी ओळखीचे द्या’ म्हणताना आयोजक बहुधा आपल्याच घरचे ओळखीचे धरून चालतो. ख्यालाची बंदिश ब्रज भाषेतली, ती दोघांनाही सारखीच जवळची आणि सारखीच परकी. म्हणून आपल्याकडे राग हीच दोघांची समाईक जमीन आहे, आणि ती वाढवली तर दोघांची मिळून वाढते. शेवटच्या भागात एक पद मराठी आणि एक कन्नड, हा पायंडा जिथे पडला आहे तिथे तो मोडू नये. जिथे नाही तिथे पाडावा. एकाचे ओळखीचे दुसऱ्याची ओळख होते, आणि त्यालाही दोन-तीन वर्षे सलग ऐकावे लागते.

पैशाचा मुद्दा राहिला. लहान मंडळांची ओढाताण खरी आहे. वर्गणीदार सभासद गळाले तर पुढचा कार्यक्रमच होत नाही. पण सभागृह भरते ते कशावर? फलकावर कलाकाराचे नाव असते, रागाचे नसते. राग मंचावरच कळतो. तेव्हा अपरिचित रागामुळे लोक यायचेच थांबतील, ही भीती अनाठायी आहे. लोक मधून उठून जातात ते गाणे रेंगाळल्यामुळे, साथ विस्कटल्यामुळे, नऊ वाजले तरी मध्यंतर न झाल्यामुळे. हे सगळे वर सांगितलेल्या तयारीने आटोक्यात येते. त्या तयारीला जास्तीचा खर्च काय? कलाकाराचे मानधन तेच. साथीदारांना तीन-चार तास आधी बोलवायचे, त्यांचे दुपारचे जेवण, सभागृहाची एक खोली. त्यासाठी वर्गणी वाढवायला लागते असे मला वाटत नाही.

येत्या हंगामासाठी काय करता येईल ते ठरवायला फार मोठी समिती लागत नाही. आसपासच्या तीन-चार गावांतल्या मंडळांनी मिळून फक्त दोन राग निवडावेत. माझी निवड संपूर्ण मालकंस आणि बिहागडा अशी असेल, कारण दोघांचे मूळ राग सर्वांच्या कानात आहेत. हे दोन राग दोन हंगामांत निरनिराळ्या कलाकारांकडून प्रत्येकी तीनदा तरी यावेत. एखाद्या घराण्यात बिहागडा वेगळ्या अंगाने गातात, कुठे एकच निषाद, कुठे दोन्ही. तो फरक मंचावर येऊ द्यावा, लपवू नये. निमंत्रणाच्या पत्रातच लिहावे, की आम्ही यंदा हे दोन राग ऐकत आहोत, यांतला एखादा आपल्या गायनात असेल तर दुसऱ्या जागी घ्यावा. नसेल तर आपल्या मनातला दुसरा अपरिचित राग कळवावा. ज्याच्या गळ्यात तो राग बसलेला नाही त्याला आग्रह मुळीच करू नये. चलन आणि मुखडा साथीदारांना कधीपर्यंत मिळावा ती तारीख, तालमीची वेळ आणि तंबोऱ्याची पट्टी, काळी एक की पांढरी पाच, हेही त्याच पत्रात असावे. पत्र ऑगस्टमध्ये जायला हवे. दिवाळीनंतर पाठवले तर कलाकाराच्या तारखा आणि कार्यक्रमाचा आराखडा दोन्ही ठरून गेलेले असतात.